चिकटत नाय त्याला चव कशी

किन्हवली,
ता. २४ नोव्हेंबर, सोमवार

सौ. हिराबाईस,

कमळूचा आशीर्वाद. नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. आपल्या घरात कोण कोणाच्या आशीर्वादावर जगतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

इकडे सर्व खुशाल. फोनवर आपलं बोलणं होत नाही. एकतर टोकावड्यापुढचा तुमचा डोंगर रेंजला आडवा येतो, आणि चुकून रेंज आलीच तर तू आडवी येतेस. 'बरं हाय ना सगळं? ठेवते' म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून पत्र लिहितो. जावईबापू जीवनरावांचा भाजीचा टेम्पो सोमवार-शुक्रवार आपल्या दारावरून शहापूरला जातो, त्यांच्या हाती देतो. हे पत्र तू स्वतः वाच, आपल्या दामिनीकडून वाचून घेऊ नकोस. चौथीपर्यंत शिकली आहेस. अक्षर लावून लावून वाच, तेवढा वेळ तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

तू गेलीस ती अंगावरच्या साडीनिशी. दामिनीला आठवा लागतो न लागतो तोच कळा सुरू झाल्याचा जीवनरावांचा फोन आला, तेव्हा तू कांदा चिरत होतीस. अर्धा कांदा विळीवर तसाच राहिला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आपण मधली खोली सारवून ठेवली होती, तीही तशीच राहिली. चालायचंच. पोर आणि पोरीची पोर दोघी वाचल्या, यात सगळं आलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते जीवनरावांनी मला नीट सांगितलं आहे. नात फार बारीक आहे. प्रवास नको, गर्दी नको, आईच्या नाहीतर आजीच्या छातीशी उघडं धरून तिला ऊब द्यायची, अंग धरेपर्यंत. जीवनरावांना आई नाही. म्हणजे आजी तू एकटीच. आणि तू म्हणे बारसं उरकलं की परत येणार, कारण 'घरात चूल थंड पडली असंल, माझी सून रातीला येऊन रांधंल कवा नि झोपंल कवा.'

तर ऐक. चूल थंड पडलेली नाही. जेवण वेळच्या वेळी होतं. सारिका कल्याणच्या लॅबमधून आठाला घरी येते तेव्हा ताट वाढलेलं असतं. तिची रेश्मा जेवून अभ्यासाला बसलेली असते. आपल्या सुनिलची ड्यूटी असेल तसा त्याचा डबा भरलेला असतो. कोण करतं, कसं होतं, या खोलात तू शिरू नकोस. घर आहे, चालतं.

आता काही किरकोळ गोष्टी सहज विचारतो. मनात काही आणू नकोस. चार माणसांच्या डाळीला मीठ किती घालतेस? घावनाचं पीठ ताकासारखं पातळ करतेस की थोडं दाट? आणि चार माणसांना तांदूळ किती धुवायचे? बाकी मला माहीत आहे.

आणखी एक. सारिकाने दिवाळीत आणलेला तो खोलगट नॉनस्टिक पॅन, काचेच्या झाकणाचा, जो तू 'चिकटत नाय त्याला चव कशी यायची' म्हणून खोक्यासकट माळ्यावर चढवलास, तो खाली उतरला आहे. कसा उतरला ते मला विचारू नकोस.

नातीला माझा मुका. बारीक आहे म्हणून हळूच घे.

तुझा, तुझ्याच शब्दांत,
गावाचा आचारी, घरचा पाव्हणा,
कमळू

•

किन्हवली,
ता. ५ डिसेंबर, शुक्रवार

सौ. हिराबाईस,

आशीर्वाद राहू दे बाजूला. तुझा निरोप पोचला. जीवनरावांनी टेम्पो चालू ठेवूनच सांगितला, पाठ केल्यासारखा: "मामा, मामी म्हनतायत, जो मीठ ईचारतो तोच रांधतोय. आन पाचशे मानसांचा आचारी चार मानसांचं मीठ ईचारतोय म्हंजे घरात अनर्थ झालाय. रविवारी बारसं झालं की सोमवारी तुमच्या टेम्पोत बसून येते."

तुझ्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून सुकट लपवणं. ठीक आहे. आता सगळं लिहितो. मात्र पूर्ण वाचल्याशिवाय पिशवी भरू नकोस.

तू गेल्यावर पहिले तीन-चार दिवस आम्ही वेड्यासारखे जेवलो. सकाळचा भात, फरसाण, सुनिलने आणलेले वडापाव. आपल्या सुनिलला पाणी तापवता येतं, तेही गिझर लावून. सारिका आल्या आल्या पर्स खुंटीला लावून ओट्याशी उभी राहायची, तोवर रेश्मा पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली. एका संध्याकाळी सारिका लसूण सोलता सोलता मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी लॅबमधे सांगून टाकते. आई येईपर्यंत घरी बसते."

मी म्हटलं, "आन मंग परत घेतील काय तुला?"

"नाय घेनार," ती म्हणाली, आणि लसूण सोलत राहिली.

मला ते ऐकवेना. तू पायाला भिंगरी लावून तिकडे नातीसाठी गेलीस, ही इकडे हातातली नोकरी सोडायला निघाली, आणि मी? मी ओटीवर बसून रस्त्यावरून कोण जातं ते बघत होतो. उभ्या तालुक्याला जेवू घातलेला माणूस, आणि माझ्या घरातल्या दोन बायका माझ्या ताटाच्या काळजीने आपापलं काम सोडणार. दुसऱ्या दिवशी सारिका गेल्यावर मी माळ्यावर चढलो.

चुलीवर रांधायचं धाडस झालं नाही. ती चूल तुझी आहे, तिला माझा हात ओळखीचा नाही. तुझी भांडी काढायचंही मनात येईना. हा पॅन तेवढा कोणाचाच नव्हता. तुला नको होता आणि सारिकाला मिळत नव्हता, तो मी घेतला.

आता हसू नकोस. लग्नातला मोठा टोप चुलाणावर चढवायच्या आधी आम्ही काय करतो, तुला माहीत आहे. बुडाला बाहेरून मातीचा लेप देतो, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि टोप घासायला सोपा जातो. इतकी वर्षं हाताला तीच सवय. मी विचार न करता परसात गेलो, चांगली लाल माती भिजवली, पॅनला बुडाशी बोटभर जाड लेप चोपडला, आणि गॅसवर ठेवला! अर्धी माती बर्नरमध्ये. ज्योत पिवळी होऊन फुरफुरायला लागली. रेश्मा शाळेतून आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "आजा, ह्यो गनपती कंदी बसवला?"

पुढचं त्याहून वाईट. डाळ शिजली. मीठ घालायला हात डब्यात गेला तो सवयीने मूठ भरूनच वर आला आणि सवयीने मोकळाही झाला. चव घेतली आणि डोळ्यांसमोर तारे चमकले. पंगतीत डाळ खारट झाली की आम्ही पाणी ओतून, बटाटे टाकून सावरतो. तेच केलं. पाणी घातलं, मग पातळ झाली म्हणून आणखी डाळ, मग बटाटे, मग पॅनमध्ये मावेना म्हणून टोप काढला. सारिका घरी आली तेव्हा चार माणसांच्या घरात चाळीस माणसांची डाळ तयार होती, आणि तरीही खारटच. सुनिलने दोन घास खाल्ले, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "चांगली झालीय." लेक गुणाचा आहे. सारिकाने चव घेतली, बर्नरकडे पाहिलं, तिच्या नव्याकोऱ्या पॅनच्या बुडावरच्या मातीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार.

ती खाली बसली आणि हसायलाच लागली. पदराने डोळे पुसायची, पुन्हा पॅनकडे बघायची, पुन्हा हसायची. तू गेल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं, हिरा. मग रेश्मा हसली, सुनिल हसला, आणि मीही.

शेजारच्या राघोकडे डाळ पोचती केली. त्याने कुंपणावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे कमळू, बायको गेली आन रांधप्या झालास?" मी म्हटलं, "व्हय, आन तू खानारा झालास. टोप घासून दे." दिला, पण त्याच्या बायकोने, रखमीवहिनीने.

त्या रात्री सारिकाने मला शिकवलं. माझ्या सुनेने, मला. माती राहू दे, राख राहू दे, काथ्या तर लांबच. मऊ घासणी फिरवायची, पाणी ओतलं की झालं. आच बारीक. लोखंडी उलथणं लावायचं नाही. ते मात्र मी आधीच लावून बसलो होतो, एक ओरखडा पडला आहे, नखाएवढा. तो पाहून ती एवढंच म्हणाली, "ऱ्हावू द्या बाबा, वळख म्हनून." दुसऱ्या दिवशी मी सागाच्या फळीच्या तुकड्याचं उलथणं तासून काढलं. कडेला इतकं पातळ तासलंय की घावनाखाली घातलं तर घावनाला कळत नाही.

आणि हिरा, एकदा हात बसला की मग विचारू नकोस. सकाळी त्याच पॅनमध्ये अंड्याची पोळी, रेश्माच्या डब्याला. संध्याकाळी कांदा-लसणावर डाळतांदूळ परतून झाकण लावलं की खिचडी. झाकण काचेचं आहे, आत काय चाललंय ते दिसतं. पाणी आटून वर भोकं पडायला लागली की बंद करायचं. इतकी वर्षं मी टोपावर कान लावून भात ओळखत होतो, आता नुसतं बघायचं! वांगी अगदी थोड्या तेलात अंग न मोडता भाजली जातात. घावन तर कडेने स्वतःच सुटतं, उचल मला म्हणतं. सुकट आधी कोरडी भाजून काढायची, मग त्याच पॅनमध्ये कांदा, मग दोघांची गाठ घालून द्यायची. एकच भांडं, आणि चौघांची पोटं भरतात. सारिका चप्पल काढते तेव्हा पहिलं घावन पॅनवरून उतरत असतं.

तुझं ते वाक्य मी रोज ऐकतो. चिकटत नाय त्याला चव कशी. तू म्हणालीस ते खोटं नाही, बुडाला लागलेल्या खरपुडीची चव त्यात येत नाही. पण बाकीची येते.

आता ते लिहितो, जे मागच्या पत्रात लिहायचं टाळलं. तुझ्याशीही कधी बोललो नाही.

खर्डीच्या नवसूदादांकडचं लग्न तुला आठवतं. भाताचा टोप आम्ही दोन बाजूंनी धरून उतरवत होतो आणि माझ्या खांद्यातून जीवच गेला. माझी बाजू सुटली. सगळा भात मातीत. पाहुणे ताटं घेऊन बसलेले. नवसूदादा चांगला माणूस, काही बोलला नाही, पुन्हा भात घातला. पण ते पांढरं शिजलेलं अन्न मातीत वाफाळत पडलेलं मी बघत उभा होतो, आणि माझ्याकडे सगळे बघत होते. त्यानंतर मला कुठलं बोलावणं आलं नाही. आलं असतं तरी गेलो नसतो. झारा मी खुंटीला अडकवला तो तसाच आहे. लोकांनी 'आचारी' म्हणून हाक मारायचीही सोडली, नुसता कमळू झालो. तू मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाहीस. रोज संध्याकाळी ओटीवर चहा आणून दिलास आणि खांद्याला तेल चोळलंस. मला वाटायचं, हा हात आता कामाचा राहिला नाही, हे तुलाही कळलं आहे.

हा पॅन मी एका हाताने उचलतो, हिरा. उजव्या. भरलेला. खांद्याला कळतही नाही. पहिल्यांदा उचलला तेव्हा दोनदा उचलून पाहिला.

म्हणून सांगतो, रविवारी बारसं करा, मी नारळ आणि कुंची पाठवतो, पण तू सोमवारच्या टेम्पोत बसू नकोस. तू आलीस तर सारिकाची नोकरी वाचेल खरी. पण ती पोर कोणाच्या छातीशी राहील? दामिनीला एकटीला दिवसरात्र जमायचं नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर परीक्षा घे. जीवनरावांना वाटेल त्या संध्याकाळी न सांगता पाठव. ताटात काय आहे ते त्यांच्या डोळ्यांनी बघ. ताट रिकामं दिसलं तर तू म्हणशील तेव्हा ये, मी तोंड उघडणार नाही.

सध्या कुठलाच आचारी नसलेला, उमेदवार,
कमळू

•

किन्हवली,
ता. २२ डिसेंबर, सोमवार

प्रिय हिरा,

आज वरचं 'सौ.' आणि बाकीची झूल काढून टाकली आहे. लिहिताना कान तापले, पण लिहिलं.

परवा तू शेजारच्या पोरीला घेऊन डोंगराच्या सोंडेवर चढलीस आणि रेंज शोधून फोन केलास, त्यात जे बोललीस ते मी घरात तिघांना तीन-तीनदा सांगितलं आहे. तरी तुझ्या बाजूला काय घडलं ते तुला माहीत, माझ्या बाजूला काय घडलं ते मी लिहितो. जावईबापू सांगतील ते अर्धंच सांगतील, कारण ते जेवण्यात गुंतले होते.

तू परीक्षा घेशील असं वाटलं होतं, पण मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी घेशील असं वाटलं नव्हतं. टेम्पोचा वारही नव्हे. सारिकाचा उपास, ती येऊन पूजा करून सोडणार. नैवेद्याचं मी पितळेच्या पातेलीत वेगळं ठेवलं होतं. त्या पॅनने सुकट पाहिलेली आहे, देवीला उगाच कशाला फसवा. बाकी चार माणसांपुरता वालाचा भात शिजायला टाकला आणि घावनाचं पीठ भिजवलं. तेवढ्यात दारात टेम्पो. जीवनराव उतरले. मागून टेम्पोवरचा गडी बुधू उतरला. त्याच्यामागून दुसरा गडी शेखर, तो तर भिंतीएवढा. तिघांनी दिवसभर दुसऱ्या बाजारात टेम्पोभर माल विकलेला, भुकेने डोळे आत गेलेले. जीवनराव म्हणाले, "मामा, सहज आलो."

"सहज!" मी म्हटलं. "मामीनं पाठवलं ना?"

ते चप्पल काढायच्या गडबडीत होते, ऐकलंच नाही.

चाराची सात माणसं झाली, हिरा, आणि भांडं तळहाताएवढं. महिन्यापूर्वी हे झालं असतं तर मी परसातून पळून गेलो असतो. पण दारात पाव्हणा उभा राहिला आणि माझ्या अंगात काहीतरी जुनं जागं झालं. मी मनाशी म्हटलं, अरे, हे तर लग्नच आहे, फक्त लहान आहे. आणि लग्न मला येतं.

पंगती पाडल्या. भाताचा पॅन उतरवला, भात तुझ्या वेताच्या टोपलीत धोतर अंथरून काढला आणि वरून गोधडी घातली. पंगतीचा भात आम्ही असाच गरम ठेवतो. पॅन पुसला, दुसरा भात चढवला. तोही उतरवला. मग वांगी. पॅन पुन्हा पुसला. त्याचं हेच सुख, आधीच्याने मागून येणाऱ्यासाठी काही चिकटवून ठेवलेलं नसतं. मग पाहुण्यांना बसवलं आणि घावन सुरू केलं. पॅनवरून थेट ताटात. रेश्मा वाढत होती, सुनिल, हो, आपला सुनिल, खोबऱ्याची चटणी वाटत होता, मिक्सरमध्ये का होईना. शेखरचं ताट रिकामं होण्याआधी पुढचं घावन हजर. मी किती घातली ते मोजलं नाही, पण शेवटी त्यानेच ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि म्हणाला, "बस आचारी, बस. आता वाढलं तर टेम्पोत मावनार नाय."

आचारी म्हणाला, हिरा. त्याला काही माहीत नाही, खर्डी नाही, काही नाही. त्याने नुसतं जेवण पाहिलं आणि म्हणाला. मी पॅनकडे तोंड करून उभा राहिलो, धूर गेला डोळ्यांत असं सांगितलं. गॅसचा कसला धूर!

तेवढ्यात सारिका आली. पूजा केली, नैवेद्य दाखवला, जेवायला बसली. तेव्हा जीवनराव तिला म्हणाले, "वैनी, मामींनी खास सांगितलंय, लाडू एक नंबर झाले. डिंक असा फुललाय की तोंडात ठेवला की मोडतो. म्हनाल्या, सारिकानं माहेरची लाज राखली."

सारिका घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. "मी? मी तर त्या दिवशी डबल ड्यूटीवर होते." आणि बोटाने मला दाखवलं.

जीवनराव चावायचे थांबले. आता तुला लिहून कबूल करतो. माहेरचे डिंकाचे लाडू आईच्या हातून यायचे असतात, बापाच्या हातचे चालतात की नाही हे मला कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून बारशानंतरच्या शुक्रवारी डबा पाठवताना नाव न लिहिता पाठवला. माहेरचं बाळंतपण चुकलं, मधली खोली रिकामी राहिली, निदान लाडू तरी माहेरचे जावेत. पॅनमध्ये चमचा-चमचा तूप, बारीक आच, डिंकाचे खडे थोडे थोडे. एकेक खडा, नातीने अंग धरावं तसा, फुलताना बघत उभा राहिलो.

मग परवा तुझा फोन. पहिलंच वाक्य, 'बरं हाय ना' सुद्धा नाही. "अवो, डिंक करपला कसा नाय?"

मी म्हटलं, "चिकटतच नाय तर करपंल कसा?"

मला वाटलं रेंज गेली. डोंगरावरचा वारा तेवढा ऐकू येत होता. आणि मग म्हणालीस, "आशाताईनी आज काट्यावर ठेवली पोरीला. भरलीय. गाल आलेत तिला." आणि लगेच, "मंग मी ऱ्हाते इथं. होळीपर्यंत ऱ्हाते. तुमच्यानं होतंय ना?"

होतंय, हिरा. होतंय. फोनवर मी नुसतं 'हां' म्हणालो. बाकीचं इथे लिहितो. होळीपर्यंत राहा, पाडव्यापर्यंत राहा. पोरीला छातीशी धरून बस. घराकडे बघायला मी आहे. सारिका रोज सकाळी आपल्या वेळेवर लॅबला जाते आणि आल्यावर पाय पसरून जेवते. काल रेश्माला सांगत होती की पुढची परीक्षा देऊन वरच्या जागेसाठी अर्ज करणार आहे. सोडायला निघाली होती ती पोर, आता चढायला निघाली आहे.

आणि ऐक, फोन ठेवता ठेवता तू हळूच विचारलंस ना, 'तसला पॅन मुरबाडला मिळतो काय, दामिनीला हवा व्हता'? दामिनीला! मी हसलो नाही. या पत्राबरोबर टेम्पोतून एक पाठवतो आहे, आपल्यासारखाच, काचेच्या झाकणाचा. सोबत सागाचं उलथणं, मी तासलेलं. लेप देऊ नका.

आता शेवटची बातमी. काल खर्डीहून नवसूदादा आले. धाकट्याचं लग्न माघात आहे. ओटीवर बसले, चहा घेतला, तो मीच केला. मग म्हणाले, "कमळूभाव, तू यायचं. काय उचलायचं नाय. खुर्ची टाकून बस, मीठ चाख, पोरांना सांग. तुझ्याबिगर आमच्या मांडवाला शोभा नाय." हे त्यांनी सगळ्या आळीदेखत म्हटलं. राघो कुंपणाशी उभा होता, मुद्दाम त्याच्याकडे बघून म्हटलं की काय कोण जाणे.

एवढे दिवस मी याच बोलावण्याची वाट बघत ओटीवर बसून होतो, हे तुला सांगायला नको. खांदा ताठ झाला. आणि माझ्या तोंडून काय निघालं, माहीत आहे? मी म्हटलं, "दादा, येनार. पन पाव्हणा म्हनून येनार. पंगतीत बसून जेवनार, मीठ बरोबर हाय का ते तुमाला सांगनार. आन साताच्या आत मला घरी सोडा. माझी मानसं जेवायची ऱ्हातील."

नवसूदादा उठले. मग खांद्यावर हात ठेवून हसले, त्याच खांद्यावर. दुखला नाही.

झारा खुंटीवरून काढला आहे. घासून स्वयंपाकघरात लावला, तुझ्या पळीशेजारी.

मला सगळं जमतं असं समजू नकोस. भाकरी मला येत नाही. पॅनवर होत नाही आणि माझ्या हाताला जमत नाही, आणि शिकणारही नाही. ती तुझ्यासाठी ठेवली आहे. तुझी चूल मी रोज सकाळी पुसतो, एकदा पेटवून वाळवतो, म्हणजे तिला ओल धरायला नको. होळीनंतर तू येशील त्या दिवशी तू फक्त दोन भाकऱ्या भाजायच्या, एक तुला आणि एक मला. बाकीचं ताट मी वाढीन, पाट मांडीन, आणि तू आधी बसायचंस. मी मागून जेवीन.

तोपर्यंत संध्याकाळी दिवा लावल्यावर या घरात मला तुझी फार आठवण येते. दामिनीने हे वाचलं तरी चालेल.

तुझाच,
घरचा आचारी, गावाचा पाव्हणा,
कमळू